मसला सुटला, आजार तसाच

बायकांच्या दीनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये, मोहल्ल्यातल्या आलिमांच्या दर्समध्ये आणि ऑनलाइन दारुल-इफ्तांमध्ये एक प्रश्न वर्षभर येत असतो. रमजानच्या तोंडावर तर त्याची रीघ लागते. 'बारा दिवस झाले, रक्त थांबत नाही. नमाज पढू का? रोजा ठेवू का?'

उत्तर बहुतेकदा लगेच मिळतं, आणि ते शास्त्राला धरून असतं. आदत सात दिवसांची असेल आणि रक्त दहा दिवसांच्या पुढे गेलं असेल, तर पहिले सात दिवस हैज आणि उरलेले इस्तिहाजा. हैजमध्ये नमाज माफ, इस्तिहाजामध्ये फर्ज. म्हणून गुस्ल करा, प्रत्येक नमाजच्या वेळेला नवा वुजू करा, रोजे ठेवा, राहिलेल्या नमाजांची कजा करा. विचारणारी 'जजाकल्लाह' म्हणते, तिच्या मनावरचं ओझं उतरतं आणि विषय तिथे संपतो.

रक्त मात्र चालूच असतं. बारा दिवस रक्त का जातंय, हे तिने विचारलेलं नसतं आणि उत्तर देणाऱ्याने सांगितलेलं नसतं. माझं म्हणणं या एवढ्याशा जागेबद्दल आहे. आपल्याकडे मासिक पाळीबद्दल कोणी बोलत नाही असं सर्रास म्हटलं जातं, पण ते पूर्ण खरं नाही. मुसलमान घरांत पाळीबद्दल पुष्कळ बोललं जातं, दिवस मोजून, रंग पाहून बोललं जातं. ते सगळं बोलणं इबादतीच्या हिशेबाचं असतं. ज्या अवयवातून ते रक्त येतं त्याचा पत्ता त्या बोलण्यात कुठेच नसतो.

आधी हा हिशेबच नीट पाहू. हनफी मसलकात हैजची किमान मुदत तीन दिवस आणि कमाल दहा. दोन हैजांमध्ये पवित्रतेचे किमान पंधरा दिवस. शाफई मसलकात किमान एक दिवस-रात्र आणि कमाल पंधरा दिवस. बाळंतपणानंतरच्या रक्ताची, निफासची, कमाल मर्यादा हनफींकडे चाळीस दिवस आणि शाफईंकडे साठ. आपल्या महाराष्ट्रात हा फरक पुस्तकातला नाही. कोकणी मुसलमान शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. रत्नागिरीची मुलगी सोलापुरात सून म्हणून गेली की माहेरचा हिशेब एक आणि सासरचा दुसरा. अकराव्या दिवशी माहेरी तिला नमाज माफ असते, सासरी तिच्यावर फर्ज होते. गर्भाशय तेच, रक्त तेच.

हा फरक वाईट आहे असं मी म्हणत नाही. फकीहांपुढे प्रश्न होता की बाईने नमाज कधी सोडावी आणि कधी धरावी. त्यासाठी कुठेतरी रेघ ओढणं भाग होतं, आणि दोन इमामांनी ती दोन ठिकाणी ओढली. पण एवढ्यावरून एक गोष्ट उघड व्हायला हवी. या रेघा इबादतीसाठी आहेत, तब्येतीचं माप म्हणून त्या कोणी आखल्या नव्हत्या. स्त्रीरोगतज्ज्ञांचं आजचं माप वेगळं आहे. पाळी २४ ते ३८ दिवसांच्या अंतराने यावी आणि रक्त आठ दिवसांच्या आत थांबावं. याहून जास्त दिवस, मध्येच, संबंधानंतर किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर रक्त गेलं तर कारण शोधायला हवं.

आता दोन्ही मापं शेजारी ठेवून पाहा. नऊ-दहा दिवस रक्त जाणारी हनफी बाई शरियतच्या हिशेबात अगदी नियमित असते. चौदा दिवस रक्त जाणाऱ्या शाफई बाईच्या बाबतीत तर इस्तिहाजा हा शब्दही निघत नाही, कारण तिचं सगळंच हैज ठरतं. तिला वाटतं, आपलं सगळं ठीक आहे. महिन्यातले चौदा दिवस रक्त गमावणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन काय असेल, ते सांगायला डॉक्टर लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या होत्या. आपल्या बायका त्यातून वगळलेल्या असतील असं मानायला काही कारण नाही.

मौज अशी की आपल्या परंपरेत या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या केलेल्या आहेत. फातिमा बिन्त अबी हुबैश पैगंबरांकडे आल्या आणि रक्त थांबतच नाही, तर नमाज सोडू का, असं त्यांनी विचारलं. त्यांना उत्तर मिळालं ते असं, की हे हैज नव्हे, हे एका रगेतून, म्हणजे शिरेतून, येणारं रक्त आहे. हदीसच्या प्रमुख संग्रहांत हा प्रसंग आहे आणि इस्तिहाजाचा सगळा मसला त्यावर उभा आहे. या उत्तराचे दोन भाग आहेत. नमाज सोडू नकोस, हा एक. हे रक्त नेहमीचं नाही, त्याचा उगम वेगळा आहे, हा दुसरा. चौदाशे वर्षांत पहिल्या भागावर पानंच्या पानं लिहिली गेली. दुसरा भाग तबीबांकडे जायला हवा होता. पण मसला सांगणारा आणि नाडी पाहणारा ही दोन माणसं वेगळी झाली आणि बाई पहिल्याच दारावरून परत फिरू लागली.

मग रक्त येतं कुठून? हे सांगायचं तर कंबरेखालच्या भागाचा नकाशाच मांडायला हवा. संकोच वाटत असेल त्यांनी इतकं लक्षात घ्यावं, की हजरत आयेशा यांनी अन्सारी स्त्रियांची तारीफ केली ती याचसाठी, की दीनचं ज्ञान घेताना लाज त्यांच्या आड आली नाही. तो प्रसंगही हैजनंतरच्या गुस्लबद्दलच्या प्रश्नाचाच होता.

कंबरेवर दोन्ही हात ठेवले की जी हाडं हाताला लागतात, ती पुढे खाली येऊन जघनावर एकमेकांना भिडतात आणि मागे कण्याच्या तळाच्या तिकोनी हाडाला जोडलेली असतात. त्या हाडाच्या शेवटी माकडहाड. असं हे हाडांचं कडं. बाईचं हे कडं पुरुषाच्या मानाने रुंद आणि उथळ असतं, कारण बाळाचं डोकं त्यातून बाहेर यायचं असतं. या कड्यात तीन अवयव एकामागे एक बसवलेले आहेत. सर्वांत पुढे लघवीची पिशवी, मधे गर्भाशय, मागे गुदाशय. तिघांचे मार्ग वेगळे, बाहेरची तोंडंही तीन. पुढे मूत्रमार्गाचं, मधे योनिमार्गाचं, मागे गुदद्वाराचं. चार मुलांच्या आयाही लघवी आणि पाळी एकाच वाटेने येते असं समजतात, हे महिलांच्या आरोग्य शिबिरात काम केलेल्या कुणालाही विचारा.

गर्भाशय म्हणजे उलट्या धरलेल्या नासपतीसारखा स्नायूंचा पोकळ अवयव. गरोदर नसताना जेमतेम साडेसात सेंटिमीटर लांब, बंद मुठीपेक्षाही लहान. वरच्या रुंद भागाच्या दोन्ही अंगांना दहा-बारा सेंटिमीटरच्या दोन नलिका फुटतात आणि त्यांच्या टोकांशी बदामाएवढे दोन बीजकोष असतात. गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला जाड होतं आणि गर्भ राहिला नाही तर गळून पडतं. तेच हैजचं रक्त. खालचा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयाचं मुख. ते योनिमार्गात थोडं उतरलेलं असतं आणि बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं लागतं.

एवढा नकाशा डोळ्यांपुढे असला की 'रक्त जातंय' या एका वाक्याची अनेक वाक्यं होतात. अस्तर अनियमितपणे गळत असेल, जसं पाळी सुरू होताना आणि बंद होत आलेली असताना होतं. गर्भाशयाच्या भिंतीत गाठ, म्हणजे फायब्रॉइड, असेल. अस्तरावर किंवा मुखावर कोंब आला असेल. थायरॉइड बिघडलं असेल. गर्भ राहून पडत असेल. मुखावर कर्करोग धरत असेल. संबंधानंतर रक्त दिसणं ही त्याची ओळखीची खूण आहे. किंवा रक्त तिथून येतच नसेल, लघवीच्या पिशवीतून किंवा मूळव्याधीतून येत असेल. यातली बरीच कारणं औषधाने किंवा छोट्या उपचाराने मिटणारी आहेत. काही जीव घेणारी आहेत. इस्तिहाजा हा एक शब्द या सगळ्यांना पुरतो, कारण नमाजच्या दृष्टीने ती सगळी सारखीच आहेत.

सर्वांत जास्त धास्ती वाटते ती वय झालेल्या बायकांची. पाळी बंद होऊन दोन-चार वर्षं झाली आणि एक दिवस पुन्हा डाग दिसला. पंचावन्नच्या पुढचं रक्त साधारणपणे हैज मानलं जात नाही, म्हणून उत्तर येतं की नमाज चालू ठेवा. ती चालू ठेवते. डॉक्टरी पुस्तक मात्र सांगतं, की पाळी बंद झाल्यावर एक वर्षाने दिसलेला एक थेंबही तपासायलाच हवा, कारण अशा बायकांपैकी दहात एकीच्या जवळपास गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. हा रोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते, आणि हा डाग म्हणजे त्याने स्वतः दिलेली वर्दी असते. 'नमाज चालू ठेवा' याच्या पुढे 'आणि या आठवड्यात डॉक्टरला दाखवा' एवढे शब्द जोडायला कोणत्याही मसलकाची हरकत नाही.

असाच दुसरा मसला माजूरचा. खोकलं, शिंकलं, हसलं की लघवीचे थेंब गळतात. वुजू टिकतो का? उत्तर असं, की थेंब इतके सतत असतील की वुजू करून फर्ज नमाज पढण्याइतकीही फुरसत मिळत नसेल, तर तुम्ही माजूर, एका वक्ताला एक वुजू पुरे. सवलत आहे, चांगली आहे. पण मग बाई वीस-वीस वर्षं माजूर म्हणून जगते. त्या हाडांच्या कड्याच्या तळाशी स्नायूंची एक झोळी पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत ताणलेली असते आणि वरचे तिन्ही अवयव तिने तोललेले असतात. बाळंतपणांनी ती सैल पडते. मग लघवी गळते, किंवा गर्भाशयच खाली सरकतं, ज्याला आपल्याकडे 'अंग बाहेर येणं' म्हणतात. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात तेच रोज ठरावीक वेळा आवळायचे आणि सोडायचे, हा व्यायाम तीन महिने नेटाने केला तर खोकताना लघवी गळणाऱ्या पुष्कळ जणींना फरक पडतो. खर्च शून्य, परदा अबाधित. माजूरचा मसला सांगणाऱ्या किती आलिमा हा व्यायाम सांगतात?

त्यांना दोष तरी कसा द्यावा? हा नकाशा त्यांनाही कोणी दाखवलेला नाही. घरात या सगळ्या भागाला मिळून एकच शब्द, शर्मगाह. किंवा 'पेशाब की जगह'. मराठीतही 'अंगावरून जाणं' यात लाल, पांढरं, पाणी सगळं मावतं आणि 'पिशवी' म्हटलं की ती लघवीची की गर्भाची, ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. बाई डॉक्टरकडे गेली तरी 'नीचे तकलीफ है' याच्या पुढे सरकत नाही. सोबत नवरा किंवा सासू असेल तर तेवढंही नाही.

शाळेत काय होतं पाहा. राज्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननसंस्था आहे, आणि तेच पुस्तक उर्दू माध्यमातही आहे. पण बऱ्याच शाळांत हा भाग 'घरी वाचा' म्हणून सुटतो. वाचला तरी पाठ्यपुस्तकांतली ही आकृती साधारण ठरलेली असते. समोरून दिसणारं गर्भाशय, दोन्हीकडे वळलेल्या नलिका, बोकडाच्या मुंडक्यासारखं काहीतरी हवेत तरंगणारं. पुढे लघवीची पिशवी नाही, मागे गुदाशय नाही, भोवती हाडं नाहीत, खाली स्नायूंची झोळी नाही. बाहेरून जे दिसतं ते तर नाहीच. मुलगी ते चित्र काढून मार्क मिळवते आणि ते आपल्या शरीरात नेमकं कुठे आहे हे तिला कळत नाही. मुलींच्या मदरशात हैज-निफासचे बाब शिकवले जातात, तेही तपशिलात, पण चित्राशिवाय.

चित्रच नको, ही आपली परंपरा आहे का? दहाव्या शतकात कुर्तुब्यात अल-जहरावी यांनी शस्त्रक्रियेवर लिहिलं, त्यात योनिमार्ग उघडून आत पाहण्याच्या उपकरणांची चित्रं आहेत. बाईला पुरुष तबीबाची अडचण वाटणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून जाणती स्त्री तबीब शोधावी, ती न मिळाल्यास दाईला सोबत घेऊन काय करायचं ते तिला सांगावं, असा मार्ग त्यांनी काढला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इराणात मन्सूर इब्न इल्यास यांनी फारसीत शरीररचनेचं सचित्र पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याच्या प्रतींमध्ये गरोदर स्त्रीचंही चित्र काढलं गेलं. आणि कायद्याच्या बाजूने पाहिलं तरी, जे फक्त बायकांनाच दिसू शकतं त्या बाबतीत फकीहांनी दाईची साक्ष ग्राह्य धरली. म्हणजे शरीराचं ज्ञान असलेल्या बाईला फिकहमध्ये जागा होती. ती जागा आपण रिकामी ठेवली आहे.

विसाव्या शतकात ही जागा भरू पाहणारी एक बाई झाली, डॉ. रशीद जहाँ. अलीगढमध्ये मुलींची शाळा काढणाऱ्या शेख अब्दुल्लांची ही मुलगी दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजातून डॉक्टर झाली आणि स्त्रीरोगांवर काम करू लागली. १९३२ साली आलेल्या 'अंगारे' या संग्रहात त्यांची 'पर्दे के पीछे' ही नाटिका होती. त्यात वरचेवरच्या बाळंतपणांनी खंगलेली, गर्भाशय खाली आलेली एक खानदानी बेगम आपलं दुखणं दुसरीला सांगते, एवढंच. त्या संग्रहावर गदारोळ झाला आणि १९३३ च्या मार्चमध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने तो जप्त केला. गदारोळाची कारणं अनेक होती, पण मुसलमान बाईने मुसलमान बाईच्या गर्भाशयाबद्दल छापील लिहावं हेही त्यांत होतं. रशीद जहाँ १९५२ साली मॉस्कोत कर्करोगाने गेल्या. त्यांनी आपल्या दवाखान्यात पाहिलेली बाई आजही तपासणीच्या टेबलावर 'नीचे तकलीफ है' एवढंच म्हणते.

या विषयावर बोलायला लागलं की एक उत्तर हमखास येतं, 'वो कॅन्सर हमारे में नहीं होता.' यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते झटकून टाकू नये. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं प्रमाण मुसलमान बायकांत तुलनेने कमी आढळत आलं आहे. हा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, आणि पुरुषाची खतना झालेली असेल तर त्याच्याकडून हा विषाणू जोडीदाराकडे जाण्याची शक्यता घटते. पण घटते म्हणजे संपते असं नाही. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा रोग नव्याने होतो आणि पाऊण लाखाहून जास्त दगावतात. त्यांत आपल्याही आहेत. शिवाय गर्भाशयाच्या अस्तराच्या आणि बीजकोषाच्या कर्करोगाचा खतनाशी काही संबंध नाही.

या रोगाशी कसं लढावं याचा जगाने घेतलेला पुरावा तर आपल्याच अंगणातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मदतीने, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ साली जगापुढे आलं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी मुखावर पातळ अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावून डोळ्यांनी तपासलं, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. (दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी घेतलेल्या गटाला ही तपासणी दिली गेली नव्हती. त्यावर नंतर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते रास्त होते. झोपडपट्टीतल्या बाईचं शरीर पुरावा म्हणून वापरायचं, तर त्या पुराव्याचा फायदा निदान तिला तरी मिळावा.) या तपासणीत लपलेल्या जागी एखादा डाग पांढरट पडतो का एवढंच पाहायचं असतं. दोन-चार मिनिटांचं काम, करणारी बाईच. तरीही त्याच २०१९-२१ च्या पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधी ना कधी झालेल्या देशभरात शंभरात दोघीही नव्हत्या. यात एकट्या मुसलमानांकडे बोट दाखवता येणार नाही, सगळ्याच समाजांची लाज सारखी आहे.

मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. वय ९ ते १४ असताना ती दिली तर दोन डोस पुरतात. 'या लसीने मुली वांझ होतात' हे पोलिओच्या थेंबांच्या वेळी ऐकलेलंच वाक्य आता पुन्हा ऐकू येऊ लागलं आहे. ही लस बीजकोषाला किंवा गर्भाशयाला काही करत नाही. ती विषाणू ओळखायला शरीराला शिकवते. पोलिओच्या वेळी मशिदीतून इमामांनी केलेली आवाहनं कामी आली होती, तशी ती इथेही येऊ शकतात.

लग्न न झालेल्या मुलींची गोष्ट आणखी अडते. पंधरा-सोळाच्या मुलीला दर महिन्याला पोटात असह्य दुखतं, पाळी मात्र अजून आलेलीच नाही. तरी आई डॉक्टरकडे नेत नाही, कारण 'तिथे' तपासलं तर काही होईल ही भीती. योनिपटल हे झाकण नाही. ती मुखाशी असलेली पातळ घडी आहे, तिला जन्मतः वाट असते आणि पाळीचं रक्त त्या वाटेनेच येतं. क्वचित एखाद्या मुलीला ती वाट नसते, रक्त आत साठत राहतं आणि दुखतं. लहानशा शस्त्रक्रियेने सुटणारी ही गोष्ट आहे, आणि पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ती दिसते, आत हात घालावा लागत नाही. इज्जतीच्या नावाने जे राखायचं म्हणतात, ते काय आहे हेच कोणाला माहीत नसतं.

आणि न कळण्याची किंमत डॉक्टरकडे न जाणारीच मोजते असं नाही, जाणारीही मोजते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजलं. नेमलेल्या समितीने ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. 'पिशवी खराब झाली, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' असं कुणी सांगितलं की पिशवी म्हणजे काय आणि तिच्यासोबत बीजकोषही जाणार का, हे विचारण्याइतका नकाशा बाईकडे असायला हवा. ऐन तिशीत बीजकोष गेले की पाळी बंद होते एवढंच घडत नाही, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. शिवाय मूत्रपिंडातून लघवीच्या पिशवीकडे जाणारी नळी गर्भाशयाच्या मुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून जाते, म्हणून हे ऑपरेशन दिसतं तितकं सोपं नसतं. पांढरं पाणी जातंय म्हणून पिशवी काढलेल्या बायका आपल्या मोहल्ल्यातही सापडतील. इस्तिहाजाला घाबरून घरी बसणारी आणि पहिल्याच सल्ल्याला पिशवी देऊन मोकळी होणारी, दोघींकडेही एकच गोष्ट नसते.

आपल्या चळवळीबद्दलही बोलायला हवं. तलाक, पोटगी, बहुपत्नीत्व यांवर आपण परिषदा घेतल्या, निवेदनं दिली, कोर्टात गेलो, ते योग्यच होतं. पण ज्या बाईसाठी हे सगळं केलं, तिचं हिमोग्लोबिन किती आहे हे आपण कधी विचारलं नाही. आरोग्य हा 'समाजकार्याचा' विषय आणि कायदा हा 'चळवळीचा' विषय, अशी वाटणी आपण मनात करून ठेवली आहे. उलेमांशी आपलं अनेक बाबतींत पटत नाही आणि पटणारही नाही. इथे मात्र भांडण नाही. गरज असेल आणि स्त्री डॉक्टर नसेल तर पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला मुभा आहे, हे तेही सांगतात. त्यांच्याकडून हवं आहे ते थोडंच. इस्तिहाजाच्या प्रत्येक जवाबाखाली, मग तो छापील असो की ऑडिओ मेसेज, डॉक्टरला दाखवण्याची एक ओळ असावी. माजूरच्या जवाबाखालीही.

बाकीचं आपण करायचं. बायकांच्या इज्तेमाच्या हॉलमध्ये लावायला कापडावर छापलेला एक तक्ता लागेल. त्यात बाजूने कापलेलं चित्र हवं, समोरून काढलेलं बोकडाचं मुंडकं नको. हाडांचं कडं, त्यात तिन्ही अवयव एकामागे एक, खाली झोळी, तीन वेगळी तोंडं. नावं मराठीत आणि उर्दूत, दोन्ही देवनागरीत चालतील, शेजारी बच्चेदानीसारखे घरातले शब्दही. चेहरा काढायची गरज नाही, त्यामुळे तसवीरचा वादही निघणार नाही. खालच्या कोपऱ्यात पाच ओळी: आठ दिवसांहून जास्त रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, संबंधानंतर रक्त, पाळी बंद झाल्यावर रक्त, सोळा वर्षं होऊनही पाळी नाही. त्याखाली जवळच्या सरकारी दवाखान्यात तिशीपुढच्या बायकांची मुखाची तपासणी कोणत्या वारी होते ते, आणि तिथल्या नर्सबाईंचा फोन नंबर. तो नंबर छापण्याआधी फोन करून खात्री करून घ्यावी, कारण पुष्कळ ठिकाणी तपासणी कागदावर असते आणि टेबलावर साधं स्पेक्युलमही नसतं. ते नसेल तर आपलं पहिलं निवेदन त्यासाठी.